बाकाला फुटलेली पालवी

सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा अंगणातलं बर्फ वितळत आलं होतं. सासूबाई त्याच हिवाळ्यात गेल्या, आणि वरच्या गावातल्या त्या मोठ्या देवदारी घरात वडिलांना एकटं ठेवायला माझी बायको खिमी तयार नव्हती. बाबूजी आले खरे, पण बोलणं तिकडेच ठेवून आले. दिवसभर चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसायचे. खिमी तूप घातलेला गरम सिड्डू, म्हणजे वाफवलेला कणकेचा गोळा, पुढे ठेवायची. त्यातला अर्धा कुत्र्याला जायचा. कुत्रा गुटगुटीत झाला, बाबूजी वाळत चालले.

मी ठरवलं, त्यांच्यासाठी अंगणात उन्हाला एक बाक करायचं. (वीज कार्यालयातल्या कारकुनाने हातोडा धरू नये असा काही नियम नाही.) खिमीने फक्त गोठ्याच्या दाराकडे पाहिलं. ते मी बसवलं होतं, आणि आमची गाय ते नाकाने उघडायची.

देवदार मिळणं कठीण. ओढ्याकाठी पहाडी पॉप्लर मात्र हवा तेवढा; बघता बघता घराच्या वर जाणारं झाड. मनगटाएवढ्या चार फांद्या तोडल्या, ओल्या मातीत खोल ठोकल्या, वर फळ्या मारल्या. बाक डुलत होतं, पण उभं होतं. बाबूजींना हाताला धरून बसवलं. ते बसले. गप्पच.

ऊन तापायला लागलं तशी एका सकाळी खिमीने मला हाक मारली.

"अहो, तुमच्या बाकाला पानं फुटलीत."

तीन पायांना खरंच कोवळी, चिकट पानं आली होती. (चौथा मी उलटा ठोकला होता, हे तेव्हा कळलं.) गावाने पाहिलं तर वर्षभर हसेल म्हणून मी कोयता घेऊन धावलो.

"हात लावू नकोस."

बाबूजी. इतक्या दिवसांनी. माझ्या हातातला कोयता तसाच राहिला.

मग ते सावकाश बोलू लागले. सासूबाईही ओढ्याकाठी अशाच फांद्या खोचत फिरायच्या. बाबूजी त्यांना हसायचे. देवदाराच्या घरात राहणाऱ्या बाईला या ठिसूळ लाकडाचं काय कौतुक, म्हणायचे. एका पावसाळ्यात ओढा फुगला, शेजाऱ्यांचे बांध गेले, त्यांचं शेत तेवढं त्या झाडांच्या मुळांनी धरून ठेवलं. "तिला कधी म्हणालो नाही," ते म्हणाले, "की तुझं बरोबर होतं."

खिमी दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दुपारी कुत्र्याला काही मिळालं नाही.

त्यानंतर बाबूजी रोज बाकाला पाणी घालू लागले. तिसऱ्या वर्षी पाय मांडीएवढे झाले, फळ्या तिरक्या होऊन एक तर निसटलीच. बसायला जागा उरली नाही, पण सावली अशी की वाटसरू थांबत.

परवा खिमीचे काका आले. अंगणात असं झाडांचं कोंडाळं आणि त्यात अडकलेल्या फळ्या पाहून त्यांनी विचारलं, ही कारागिरी कुणाची? मी घसा साफ केला.

बाबूजी माझ्याआधी बोलले. "जावईबापू बाक करत होते. लाकडाला त्यांचं काम पसंत पडलं नाही, ते परत झाड झालं."