बाहेरचं पुस्तक

मगदूमकाकांच्या घरी चपला आणि बाहेरची पुस्तकं दारातच ठेवावी लागतात. चपला काढून माणूस लगेच आत जातो. पुस्तकाला आठ दिवस लागतात.

बाहेरचं म्हणजे काय ते सांगतो. मंगळवार पेठेत आम्ही रविवारी दुपारी एक खेळ खेळायचो, आधी तिघं, मग काका धरून चौघं. कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार. एक जण गोष्ट सांगत पुढं न्यायचा आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवायचे. या खेळाचं मूळ नियमांचं पुस्तक एका कंपनीचं आहे. पण दुसरेही लोक त्याला जोडपुस्तकं काढतात, त्यात नवी शस्त्रं, नवे मंत्र, नवे राक्षस असतात. काकांच्या भाषेत ती 'बाहेरची'.

काका मूळचे कुरुंदवाडचे, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळी नोकरी व्यापाऱ्यांचे तराजू तपासण्यात गेली. एकदा ते आमच्यातल्या इम्रानच्या मोबाइलच्या दुकानात चार्जर घ्यायला आले, तेव्हा आम्ही तिथंच खेळत होतो. तासभर उभ्यानं बघितलं आणि म्हणाले, "पावणं, त्या राक्षसाला एका डावात दोनदा मारलंसा." बरोबर होतं. पुढच्या रविवारपासून खेळ त्यांच्या घरी आणि गोष्ट सांगायची खुर्ची त्यांची.

इम्राननं एकदा वीज गिळणारा जादूगार असलेलं पुस्तक आणलं. काकांनी आठ दिवस त्या जादूगाराला मूळ पुस्तकातल्या एकेका राक्षसाशी लढवलं, वहीत मांडलं आणि निकाल दिला. "ह्याचं माप खोटं हाय. किलोला दीड किलो देतंय."

"जास्तच देतंय की, काका. गिऱ्हाइकाचा फायदा," इम्रान म्हणाला.

"आणि ताईंच्या योद्ध्यानं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

ताई म्हणजे वैशाली, आमची दातांची डॉक्टर. तिनं आणलेलं जडीबुटीचं पुस्तक मात्र पास झालं, पण प्रत्येक औषधाचा गुण निम्मा करून. "पाला चोळून तुटलेला हात जोडत न्हाई. डॉक्टर असून असलं आणता व्हय?"

"मी दात बघते, काका."

"मग दातांचं आणा की."

मग वैशालीनं दवाखाना गडहिंग्लजला हलवला. इम्राननं दुसरं दुकान काढलं आणि रविवार त्यात गेला. मी शाळामास्तर, मला परीक्षांचं निमित्त पुरलं. दर आठवड्याला काकांचा फोन यायचा, "मास्तर, येतायसा न्हवं?" आणि मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. असे तीन-चार महिने गेले.

शेवटी फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून एका रविवारी स्वतःच गेलो. आता जमेल असं वाटत नाही, एवढं सांगून परतायचं होतं.

दार उघडंच होतं. काका टेबलापाशी बसले होते. समोर नकाशा, फासे आणि आम्हा तिघांच्या पात्रांचे कागद आपापल्या जागेवर मांडलेले. हातात एक पातळ पुस्तक, पानं सुटायला आलेली. मी वाकून नाव वाचलं. हा खेळ एकट्यानं कसा खेळावा, याचं जोडपुस्तक होतं. कंपनीचं नव्हे.

"हे पास झालं?" मी विचारलं.

काकांनी पुस्तक मिटलं. "नियम बरोबर हायत. पण समोरचा काय बोलंल ते बी आपणच ठरवायचं म्हणतंय. इम्रानगत वाकडं बोलायला मला कुठलं जमतंय?"

"आमची माणसं कुठवर पोचली?"

"नदीवरच्या पुलापाशी थांबवल्यात. पलीकडं राक्षस हाय." ते कागद सरळ करत राहिले. "तुमच्या माघारी मेला असता कोण, तर काय सांगितलं असतं तुम्हाला?"

मी समोरची खुर्ची ओढली आणि इम्रानला फोन लावला. दुकानात गर्दी होती. तो म्हणाला, "बोल लवकर."

"पुलापाशी उभा हाईस तू," मी म्हणालो. "काका विचारतायत, काय करणार?"

तो दुकानातल्या कुणाला तरी "थांबा जरा" म्हणाला. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि काका पुलाचं वर्णन करू लागले.