भोईरकाकांची मूठ

बदलापूरच्या भाजीबाजारात कोणी उजवी मूठ जबड्याला टेकवून कोथिंबिरीचा भाव करत असेल, तर ते आमचे भोईरकाका. दाढ दुखत नाही त्यांची. ते अँकर शोधत असतात.

काका आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. मोरिवलीच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर माणसं गुडघ्यांना लावायचं तेल आणतात. काकांनी धनुष्य आणलं. दर रविवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही अंबरनाथच्या मैदानावर तिरंदाजीच्या क्लबला जातो. दोरी ओढायला मुठीत एक छोटा रिलीज धरतात; अंगठ्याने त्याचं बटण दाबलं की बाण सुटतो. ओढलेली मूठ दर वेळी कानाखाली, जबड्याच्या एकाच जागी टेकली पाहिजे. तोच अँकर. "हात ठिकाणावर नाय तर बाण भटकणार," काका सगळ्यांना सांगतात.

त्यांचा स्वतःचा हात मात्र कधी गालावर, कधी हनुवटीवर, एकदा तर नाकाशी. कानाजवळ गेला की कुठूनशी बारीक शिट्टी वाजे आणि काका धनुष्य खाली घेत. मग खिशातला मोबाइल काढून त्याला दम देत, "गप रे." मोबाइल बंदच असे. मानेपर्यंत वाढवलेले केस ते पुन्हा कानावर बसवत. या वयात ही कसली हिरोगिरी, असं माझी बायको म्हणायची.

क्लबच्या स्पर्धेत मात्र मूठ बरोबर बसली. बाणामागून बाण पिवळ्या वर्तुळात. कोच बघत राहिले. थांबायची शिट्टी झाली, सगळे आपापले बाण काढायला पुढे निघाले, आणि काकांनी नवीन बाण लावला. कोच ओरडले. मी धावत जाऊन धनुष्यावर हात ठेवला.

काकांनी समोर पाहिलं. दोन मुली लक्ष्यापाशी पोचल्या होत्या. धनुष्य ठेवून ते बाकावर बसले. त्यांनी खिशातून कानाचं यंत्र काढून मला दाखवलं.

"मूठ जवळ गेली की शिट्टी मारतं. म्हणून आज काढून ठेवलेलं."

हातवारे करूनच मी विचारलं, सांगितलं का नाही.

"लाज वाटते रे." त्यांनी यंत्र कानात घातलं. "घालूनपण चार जण एकदम बोलले की नुसता कलकलाट. मागच्या रविवारी चहाच्या टपरीवर सगळे हसलात, ते कशावर? मीपण हसलो होतो."

"काही नाही, असंच," मी म्हणालो.

"घरीपण हेच सांगतात." आवाजात राग नव्हता.

मला मान वर करवेना. मग त्यांच्याकडे तोंड करून मी सावकाश सांगितलं. कोच म्हणाले होते, काकांची मूठ म्हणजे भाडेकरू, अकरा महिनेसुद्धा एका जागी टिकत नाही.



"विनोद बरा आहे," काका म्हणाले. "त्याच्या आदल्या रविवारीपण हसला होतात."