गजानन धोटेचा आग्रह

माझ्याकडे एक मुलगा राहायचा. स्वतःच्याच खोलीत शिरण्याआधी तो दारावर टकटक करायचा, "हाउसकीपिंग!" म्हणायचा, थांबायचा, आणि आतून काही उत्तर येत नाही याची खात्री झाली की मगच आत जायचा. आत कोण असणार? त्याची ट्रंक आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल.

"अरे, आत कोणी नाहीये," पहिल्या दिवशी मी सांगितलं.

"माहीत आहे जी. पण सवय लागली पाहिजे ना."

म्हटलं, घ्या. आणखी एक आलं.

मी मूळची नारायण पेठेतली. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "नंबर सांगा" म्हणण्यात गेली. मग यंत्रं आली आणि आमचे आवाज घरी बसले. हे गेल्यावर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटी, एक खोली रिकामी, म्हणून जेवणासकट पेइंग गेस्ट ठेवायला लागले. ते आयटीचे दिवस होते. सकाळी कोपऱ्यावर हिंजवडीच्या बसेस यायच्या आणि गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं पेंगत पेंगत आत चढायची. माझ्याकडे तसले दोघे होऊन गेले. घरात असून नसल्यासारखे. इतके चांगले भाडेकरू पुन्हा मिळाले नाहीत.

त्यांच्यानंतर आला गजानन धोटे. यवतमाळकडचा, उंच, आणि आला तेव्हा चांगले भरलेले गाल.

"कोणत्या कंपनीत?" मी विचारलं.

"कंपनीत नाही जी. मॅनेजमेंट शिकून राहिलो."

"कसलं?"

त्यानं थोडा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघितलं. "हॉटेल."

आळंदी रस्त्यावर एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एक कम्युनिटी कॉलेज होतं. तिथे वर्षभर शिकायचं, प्रात्यक्षिकात चांगले गुण मिळवायचे, की विद्यापीठाच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. गजाननला तो हवाच होता, कारण त्याच्या वडिलांनी त्याला एकच वर्ष दिलं होतं. गावात त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान. त्यांनी बजावलं होतं, "पदवीले लागला तर ठीक, नाही तर येऊन गल्ल्यावर बस. लोकाईची उष्टी काढाले नाही वाढवलं तुले." गावात सगळ्यांना त्यांनी पोरगा "मॅनेजमेंटला आहे" इतकंच सांगितलं होतं. हॉटेल हा शब्द घराबाहेर काढायचा नाही, असा दंडक होता.

अभ्यास सगळा माझ्या घरात. मी आंघोळीला जावं तर माझ्या पंच्याचं घड्या घालून बदक केलेलं. हात-तोंड पुसायला म्हातारीनं आधी बदक उलगडायचं! सिलिंडर घेऊन येणाऱ्याला तो ट्रेमधून पाणी द्यायचा, तेही उजवीकडून. जिन्यात वळायला जागा नाही, खांद्यावर सिलिंडर, आणि हा त्याची उजवी बाजू शोधतोय.

पण त्याचा खरा रोग वेगळाच होता. आग्रह! एकदा वीजमीटर बघायला माणूस आला. मी पूजेत होते. बाहेर येऊन बघते तर तो सोफ्यावर बसून पोहे खातोय आणि गजानन शेजारी उभा राहून म्हणतोय, "घ्या ना जी, लाजता काऊन? हे तं काहीच नाही." त्या बिचाऱ्यानं दोन बशा पोहे खाल्ले, चहा प्याला, आणि मीटर न बघताच निघून गेला.

आमच्यात असलं काही नसतं. आमच्याकडे एकदा विचारतात. नको म्हटलं की झाकण. लोक याला कंजूषपणा म्हणतात, मी स्पष्टपणा म्हणते. गजाननलाही मी रोज तसंच वाढायची.

"भाजी हवी?"

"नको जी."

झाकण.

"पोळी?"

"नको जी."

डबा बंद. मग तो जरा वेळ झाकलेल्या पातेल्याकडे बघत बसायचा. मला वाटायचं, जेवणानंतरचा काही श्लोक वगैरे म्हणत असेल मनात. म्हटलं, बरं आहे, संस्कार आहेत. खाणं मात्र चिमणीचं. वर्ष सरता सरता गाल पार बसले. मी म्हटलं, अभ्यासानं.

मध्येच एकदा त्याच्या कॉलेजचे बर्वे सर मला रस्त्यात भेटले. चेहरा गंभीर.

"बाई, तुमचा धोटे खालच्या कार्यालयात परक्या लग्नांच्या पंगतीत बसतो. एकदा नाही, बऱ्याचदा. वर आम्ही काटे-चमचे शिकवतो आणि हा खाली मांडी घालून जिलब्या खातो. मुलीकडचे समजतात मुलाकडचा, मुलाकडचे समजतात मुलीकडचा. उद्या कोणी विचारलं तर कॉलेजची काय अब्रू राहील?"

घरी आल्यावर मी गजाननला फैलावर घेतलं. "लाज नाही वाटत? घरी जेवण मिळत नाही का?"

"मिळते ना जी," तो म्हणाला. "त्यांनी बोलावलं, म्हणून बसलो."

परीक्षेला पाहुणे म्हणून बसायला कॉलेजला माणसं कमी पडत होती, तेव्हा गजाननने मला नेलं. टेबलाशी मी, बर्वे सर आणि विद्यापीठाकडून आलेल्या परीक्षक बाई. गजानन काळी पँट, पांढरा शर्ट, हातावर घडी घातलेला रुमाल. वाढणं डावीकडून, पाणी उजवीकडून, एक थेंब सांडला नाही. खोटं कशाला बोलू, मला कौतुक वाटलं.

मग बाईंनी अर्ध्याहून जास्त पुलाव टाकून सुरी आणि काटा प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवले. त्याचा अर्थ, माझं झालं, प्लेट उचला. हे गजाननला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण त्यानं त्या प्लेटमध्ये बघितलं आणि त्याचा चेहराच पडला.

"काय झालं जी? आवडलं नाही?"

"छान आहे. पुरे."

"पुरे काऊन? तुम्ही तं काहीच नाही जेवल्या!"

बर्वे सर खोकले. मी टेबलाखालून पाय मारला, तो सरांना लागला. तोवर गजानन डाव भरून हजर. बाईंनी प्लेटवर आडवा हात धरला. यानं "एवढा घास माह्यासाठी" म्हणत बोटांच्या फटीतून पुलाव वाढला! थोडा प्लेटमध्ये पडला, थोडा बाईंच्या बाहीवर.

नापास. बर्वे सरांनी खूप विनवण्या केल्या, तेव्हा पंधरा दिवसांनी आणखी एक संधी मिळाली. गजानन घरी येऊन थेट आपल्या खोलीत ट्रंकेवर बसला. त्या दिवशी त्यानं दार वाजवलं नाही, हाउसकीपिंग म्हटलं नाही.

"गल्ल्यावर बसा लागते आता," तो म्हणाला.

"मुळूमुळू रडू नकोस. ऊठ," मी म्हटलं. "उद्यापासून मी शिकवते."

जगभरच्या हॉटेलांत जे फी घेऊन शिकवतात ते आमच्या पेठेत बाळघुटीतून मिळतं. मी रोज टेबलाशी बसायची. तो यायचा. "राइस, मॅडम?" मी म्हणायची, "नको." त्यानं एक पाऊल मागे जायचं, बस. पण पाऊल उचलेल तर शपथ.

"पण काकू, तुम्ही उपाशी राहान ना."

"माझं पोट, माझं ताट. तू झाकण लाव."

"मले नाही जमत जी."

"जमव. माणसाला नको असतं म्हणूनच तो नको म्हणतो. साधी गोष्ट आहे."

तो माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा डाव भरायचा. शेवटी जमलं. दुसऱ्या परीक्षेला त्याच बाई आल्या. या खेपेला त्यांनी मान नुसती हलवली तर गजानन दोन पावलं मागे! पास झाला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश पक्का.

माझ्याच फोनवरून त्यानं घरी कळवलं. "बाबा, लागलो मी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, जेवलो ना," हा म्हणाला. जेवला कुठला? सकाळपासून निकालासाठी कॉलेजच्या पायरीवर बसला होता.

मी साखरभात केला होता. म्हटलं, आज तू टेबलाशी बस, मी वाढते. तो अवघडून बसला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मी पहिला डाव वाढला, तो त्यानं संपवला.

"आणखी भात?"

"नको जी."

मी लावायला झाकण उचललं, आणि तो पातेल्याकडे बघायला लागला. रोजच्यासारखाच. वर्षभर मी ते बघत होते. पण गेले पंधरा दिवस मी "नको" म्हणत होते आणि समोर हा उभा असायचा, डाव हातात, जीव खालीवर. माझा हात थांबला.

"गजानन, तुमच्याकडे नको कधी म्हणतात रे?"

"सुरुवातीले जी. पहिल्यांदा तं नकोच म्हणा लागते. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसते."

"मग?"

"मग समोरचा म्हणते, घ्या ना. मग आपण थोडंसं घेतो."

"आणि समोरच्यानं म्हटलंच नाही तर?"

तो हसला. "तर झालं जेवण."

मी खुर्चीत बसले. रोजची भाजी, रोजची पोळी, रोजचं ते झाकण.

"म्हणून त्या पंगतींत बसायचास?"

"तिथं वाढणारे म्हणत ना जी, घ्या, लाजू नका. कोणाचं लग्न आहे ते काय पाहाचं!"

"अरे, मग भूक लागते म्हणून सांगायचंस मला."

"भुकेचं नाही काकू. भूक तं बिस्किटानंही जाते." तो ताटातली वाटी सरळ करत म्हणाला, "पुण्यात आल्यापासून कोणी दोनदा विचारलंच नाही."

मी उठले आणि झाकण ओट्यावर लांब ठेवून आले.

"घे," मी म्हटलं. आवाज एक्स्चेंजमधलाच निघाला. जन्मात कोणाला आग्रह केला नव्हता, तो गोड कसा निघणार?

"नको जी."

"घे म्हणते ना. लाजतोस काऊन?"

"नाही जी, खरंच नको." आणि त्यानं ताटावर आडवा हात धरला. गालात मात्र हसत होता.

मग मी त्याच्याच रीतीनं बोटांच्या फटीतून अख्खा डाव रिकामा केला. थोडा भात ताटात पडला, थोडा त्याच्या बाहीवर.

"काकू, तुम्ही नापास," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवायला लागला. ती मान बराच वेळ वर आली नाही. मीही तिकडे बघितलं नाही. दुसरा डाव भरून घेत होते.