म्हाताऱ्याचे तीन मालक

खालच्या जबड्यात पुढे सहा दात असतात, वर एकही नाही. वर फक्त टणक हिरडी. पेरूच्या उंच डोंगरांतला हा लोकरीचा प्राणी, अल्पाका, गवत तोडतो ते या दोहोंच्या चिमटीत धरून. हिलारियाच्या म्हाताऱ्या नराचे सहापैकी अडीच दात उरले होते. ते अडीच नेमके कोणते हे तिला पाठ होतं, कारण दर रविवारी ती अंगठ्यानं त्याचा ओठ खाली ओढून बघायची. उजवीकडचा एक आता जुन्या कुंपणाच्या खुंटासारखा बाहेर कलला होता.

असलं जनावर जूनमधलं, म्हणजे तिकडच्या थंडीतलं, खुरटं, कडक गवत तोडू शकत नाही. म्हणून वाडीत असे अल्पाका हिवाळ्याच्या तोंडाशी कापतात आणि मांस खारवून थंडीत वाळायला घालतात. हिलारिया हे इतरांना नेहमी समजावून सांगायची. जनावरावर जीव लावणं हा कुस्को शहरातल्या रिकामटेकड्या लोकांचा छंद आहे, असं तिचं ठाम मत होतं. फक्त तिचा स्वतःचा म्हातारा कापायचं तीन वर्षं राहून गेलं होतं. पहिल्या वर्षी चंद्र बरोबर नव्हता. दुसऱ्या वर्षी थंडी पुरेशी नव्हती. बादल्यांतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं, पण तेवढ्यानं काय होतं? तिसऱ्या वर्षी सुरीला धार नव्हती. दरम्यान घरात रोज भिजवलेले जव आणि बटाट्याच्या साली बाजूला निघत होत्या.

"हे कोणासाठी?" तिचा नवरा फोर्तुनातो यानं एकदा विचारलं होतं.

"कोंबड्यांसाठी."

"आपल्याकडे कोंबड्या कुठायत?"

"घेतल्या तर लागतील ना."

त्या उंचीवर कोंबडी आठवडाभर तग धरत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. यंदा मात्र हिलारियानं सगळ्या वाडीसमोर सांगून टाकलं होतं, की जूनमधल्या सान हुआनच्या सणाला म्हातारा कापायचा. सण सोमवारी होता. शनिवारी पाहुणे आले.

पाहुण्यांची कल्पना ग्रिसेल्दाची. ही मुलगी कुस्कोच्या एका प्रवासी कंपनीत होती आणि तिच्याकडे छापील कागद होता. शहरातल्या थकल्याभागल्या माणसांनी अल्पाकांच्या सहवासात शांत एक तास घालवायचा. आवाज हळू ठेवायचा. मागून जायचं नाही, डोक्याला हात लावायचा नाही. प्रत्येकाला एक स्वतंत्र अल्पाका मिळेल. मात्र माणसानं अल्पाका निवडायचा नाही, अल्पाकानं माणूस निवडायचा. वाडीच्या सभेत हा कागद वाचला गेला तेव्हा लोक आदरानं गप्प बसले होते. इतकं हसू आलेलं असताना गप्प बसणं हा आदरच.

पाहुणे तीनच होते: लिमाहून आलेल्या दोन बहिणी आणि एक उंच बेल्जियन गृहस्थ, ज्यांना डॉक्टरनं शांतता लिहून दिली होती. ते हळू आवाजात, बाजूनं, हात खाली ठेवून पुढे गेले. हिलारियाच्या एकसष्ट अल्पाकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, निवड केली आणि डोंगर चढून पलीकडे निघून गेले. जाता जाता एक मादी थोरल्या बहिणीवर थुंकली. ग्रिसेल्दा म्हणाली की ही ओळख करून घेण्याची पद्धत आहे.

म्हातारा तेवढा जागेवर उभा राहिला. माणूस दिसला की खायला मिळतं, हे त्याला माहीत होतं. ग्रिसेल्दानं झटपट त्याच्या गळ्यात 'राजपुत्र' अशी पाटी अडकवली आणि तिघांना पाळीपाळीनं वीस वीस मिनिटं दिली. म्हातारा तिघांच्याही खिशात तोंड घालून आला. बेल्जियन गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण स्वतंत्र अल्पाका कबूल केलेला असताना तिघांत एक म्हणजे कमीपणा होता. तो भरून काढायला ग्रिसेल्दाला कल्पना सुचली. बाजारातून आणलेले लोकरीचे गोंडे तिच्या पिशवीत होतेच. प्रत्येकानं आठवण म्हणून म्हाताऱ्याच्या कानात एक गोंडा बांधायचा. नुसता बांधला तर रंगत येणार नाही, म्हणून तिनं वाडीचा अध्यक्ष अनास्तासियो याला विधीसाठी कोकाची पानं आणि चिचा ही मक्याची दारू घेऊन बोलावलं.

अनास्तासियो हा फोर्तुनातोचा चुलतभाऊ, नियमाला फार पक्का. त्यानं दोनदा विचारलं की वहिनींना हे ठाऊक आहे ना. ग्रिसेल्दा म्हणाली, हिलारियामावशींनी जनावर आजच्यापुरतं पाहुण्यांच्या हवाली केलंय. अनास्तासियोनं त्यातलं 'आजच्यापुरतं' सोडून बाकीचं ऐकलं. तीन तीन पानं हातात दिली, मक्याची चिचा जमिनीवर ओतली, धरणीला साक्षी ठेवलं. लाल, पिवळा आणि हिरवा गोंडा कानांत बांधला गेला. अशा रीतीनं गोंडा बांधला की ते जनावर बांधणाऱ्याचं झालं, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. लग्न एक वेळ मोडतं, गोंडा सुटत नाही. पण हे सगळ्यांना इतकं माहीत होतं, की कुणी ग्रिसेल्दाला सांगितलं नव्हतं.

हिलारिया सूप घेऊन बाहेर आली तेव्हा पाहुणे फोटो काढत होते. म्हाताऱ्याचे कान तिनं पाहिले आणि पातेलं तिच्या हातातच राहिलं. फोर्तुनातोनं ते तिच्याकडून घेतलं आणि सगळ्यांना वाढलं. सुपात मांस कशाचं, हे कुणी विचारलं नाही. बेल्जियन गृहस्थांनी दुसऱ्यांदा घेतलं.

अनास्तासियोनं मग कामाचं काढलं. जनावर एक आणि धनी तीन, तेव्हा कुणाला कोणता भाग हे आताच ठरलेलं बरं, असं त्यानं पाहुण्यांना अदबीनं विचारलं. पाहुण्यांना हा खेळ गोड वाटला. थोरली म्हणाली, मला मान, काय डौलदार आहे. बेल्जियन गृहस्थांनी ग्रिसेल्दाकरवी पाठ मागितली. अनास्तासियोनं मान डोलावली. शहरी असून लोकांना समज होती.

धाकटी बहीण जरा हळवी. तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी आम्ही आलो तर असेल ना हो हा?"

"असेल की बाई," अनास्तासियो म्हणाला. "नीट खारवून वाळवला तर दोन वर्षंही टिकतो."

ग्रिसेल्दाला हे भाषांतर करायला बराच वेळ लागला. मग बेल्जियन गृहस्थांनी हातातली वाटी पाहिली आणि ती फार हळुवारपणे खाली ठेवली. धाकटी रडू लागली. तिनं जाहीर केलं की म्हाताऱ्याला ती लिमाला तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेईल, तिथे गच्ची आहे. थोरली म्हणाली की गच्ची तिची आहे. गोंडे सोडून टाका, असं ग्रिसेल्दा विनवू लागली.

"धरणी प्यायली ती चिचा आता परत काढू का मी?" अनास्तासियो म्हणाला. "एकच वाट आहे. घरच्या बाईनं सगळ्यांसमोर सांगावं, की मी हे दिलंच नव्हतं. पण त्या कशाला सांगतील? त्यांना सोमवारी कापायचाच होता. पाहुण्यांनी मेहनत वाचवली. काय वहिनी?"

शेजारच्या चार बायका एव्हाना कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. याच बायकांना तिनं जनावराच्या लळ्याविषयी आजवर भाषणं दिली होती. त्यातली एक म्हणाली, "सुरी नसेल तर आमची देते हो. कालपरवाच धार लावलीय."

"चंद्रही बरा आहे," दुसरीनं भर घातली.

हिलारियानं फोर्तुनातोकडे पाहिलं. तो रिकाम्या पातेल्यात इतका मन लावून बघत होता, की जणू त्याला तिथेच काही सापडणार होतं. अनास्तासियोनं घसा साफ केला, आणि मानेतली कापायची शीर कुठली, आधी बांधायचे पाय कोणते, हे तो पाहुण्यांना धीर देत समजावू लागला. म्हातारा शांतपणे बेल्जियन गृहस्थांचा खिसा हुंगत होता.

"भावजी, पुरे," हिलारिया म्हणाली.

तिनं पदराखालच्या गाठोड्यासारखी इतकी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट जमिनीकडे बघत, कुणावर तरी रागावल्यासारखी, सांगून टाकली.

"मी तो दिलेला नाही. आणि मला तो कापायचा नाही. कधीच कापायचा नव्हता."