समोरचे सहा दात

डॉ. नगरकर पेशंटला सरळ खुर्चीत बसवत नाहीत. आधी बेसिनपाशी उभं करतात, हातात ब्रश देतात आणि म्हणतात, "घासून दाखवा."

मी चौपन्न वर्षांचा माणूस. हातगाडीपासून सुरुवात करून हडपसरला जुन्या दारं-खिडक्यांची दोन गोदामं उभी केली. माझ्याशी भाव करायला बिल्डरसुद्धा एकटा येत नाही, सोबत कुणीतरी आणतो. आणि हा किडकिडीत म्हातारा मला नंबर लावून बसलेल्या तीन बायकांसमोर दात घासायला लावतो!

घासले. काय करणार?

"फरशी घासताय का, शेवाळे? हिरडी आहे ती."

बायका हसल्या. ते मी विसरलेलो नाही.

पेरू खाल्ला की फोडीला रक्त लागायचं, हे तसं जुनंच होतं. पण लेकीचं लग्न ठरलं आणि फोटोत पिवळे दात नकोत म्हणून गेलो. डॉक्टर म्हणाले, चार वेळा यावं लागेल. मी म्हणालो, "समोरचे सहा करा. मागचे कोण बघतंय?"

"आपण दार विकताना अर्धी चौकट देता का?"

"दोन खेपांत बसवा मग."

"ही मंडई नाही."

हे कोण सांगतंय? एकदा खुद्द मंडईत यांनी रसवंतीवाल्याला "हसा बघू" म्हणून थांबवलेलं मी पाहिलंय. तो बिचारा हसला. भर गर्दीत त्याच्या हिरड्या तपासून झाल्या, मागे रांग खोळंबली आणि रस न पिताच स्वारी निघून गेली. लग्नाला गेले तर नवरा-नवरीला सोडून व्याह्यांच्या तोंडात बघतात. 'बरे आहात ना?' असं त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. 'रक्त येतं का?' एवढंच.

तर पहिल्या खेपेला त्यांनी खालची बाजू करकर करकर खरवडली. दुसऱ्या दिवशी जीभ फिरवली तर दातांमध्ये फटी! गार पाण्यानं डोक्यापर्यंत कळ गेली. आणि खालचे समोरचे दोन दात चक्क हलत होते. गोदाम उघडलंच नाही, तडक दवाखान्यात घुसलो.

"चांगले दात खिळखिळे केलेत माझे!"

"मी नाही केले. हाड कधीच झिजलंय. ते कीटणाच्या आधारानं उभे होते आणि सुजलेल्या हिरडीनं फटी झाकल्या होत्या. पुट्टी काढली, आता चौकट दिसतेय."

पुट्टी भरून कुजकी चौकट खपवणारे मी रोज पकडतो. म्हणूनच जास्त भडकलो. माझ्याच धंद्यातलं मला शिकवतो!

"मग काढून टाका! खालचे, वरचे, सगळे. कवळी बसवा आणि मोकळं करा मला!"

या माणसाचं उत्तर नेहमी तोंडावर येतं. आज आधी ते स्टुलावर बसले.

"तरुणपणी गावोगाव शिबिरं घ्यायचो," ते म्हणाले. "साफ करायला वेळ कुणाला होता? हलला की काढ. आमच्या गावच्या शिबिरात आई रांगेत उभी राहिली. उरलेले सगळे दात एका सकाळी मीच काढले. 'हात हलका आहे रे तुझा,' म्हणाली. गावभर सांगत सुटली."

"मग?"

"मग वीस वर्षं जगली. कवळी तिला कधी बसलीच नाही. शेतात हुरडा भाजायला घेतला की काहीतरी काम काढून घरात जायची. निम्मे तरी वाचले असते, शेवाळे. नुसते नीट साफ करायला हवे होते."

मी निवडून चार शिव्या तयार ठेवल्या होत्या. त्यांचं काय करावं ते कळेना. न सांगताच खुर्चीत जाऊन आडवा झालो.

"हे दोन वाचतील?"

"हिरडी धरेल हळूहळू. आपण रोज नीट घासलंत तर. शब्द देत नाही."

त्यांनी दिवा ओढला आणि बोटानं तो हलता दात हळूच दाबून पाहिला. बोट मग तिथंच राहिलं. नजर माझ्या तोंडात होती, पण ते माझे दात बघत नव्हते. मी चांगली दोन मिनिटं तोंड वासून पडून राहिलो, आणि कधी नव्हे ते समोरच्याला घाई केली नाही.