पक्कं पॅकिंग

"बाबा, कपाटातले दोन पॅड माझ्या दप्तरात टाका ना!" आरशासमोर वेणी घालता घालता मुलगी ओरडली. "पाळी सुरू आहे आणि आज रिलेची फायनल. पळायच्या आधी बदलावं लागेल."

बाबांनी आधी खिडकी लावली. आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती, नाहीतर हे खातं त्यांच्याकडे आलंच नसतं.

बाबा काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगचे मुकादम होते. त्यांनी बांधलेली पेटी जिन्यावरून गडगडत गेली तरी आतला पेला हूं की चूं करत नसे. लेकीच्या दप्तरातून भलतंच काही डोकावलं तर वर्गात शोभा होईल, या धास्तीने त्यांनी सगळी विद्या पणाला लावली. आधी वर्तमानपत्र, मग खाकी कागद, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि वर कारखान्याची जाड चिकटपट्टी, उभी-आडवी. हात सवयीने चालतच राहिले आणि 'काच! सांभाळून!' हे लेबलही लावून मोकळे झाले.

फायनलच्या तोंडावर मुलगी शाळेच्या बाथरूममध्ये ते गाठोडं नखांनी, दातांनी आणि कंपासच्या टोकाने फोडत होती. सकाळपासून एकच पॅड. त्यावरच पळायचं म्हणजे मांड्या सोलून निघणार, आणि डागाची भीती वेगळीच.

"आटप ना!" मैत्रीण दार वाजवत होती. "सर शिट्टी मारतायत."

"उघडतच नाहीये गं! हे घे, कुठूनतरी कापून आण. नाहीतर कोणाकडे पॅड आहे का विचार."

"ई! असं कसं विचारू सगळ्यांसमोर?"

मैत्रीण गाठोडं घेऊन शिवणाच्या बाईंकडे धावली. बाईंची कात्री पहिल्याच पट्टीत रुतून बसली. "आहे तरी काय यात?" बाई वैतागल्या. मैत्रिणीच्या तोंडातून तो शब्द निघेना. तिने लेबल वाचून दाखवलं, "काच." बाईंनी हात मागे घेतले आणि गाठोडं, कात्रीसकट, मुख्याध्यापिकांच्या टेबलावर गेलं. तिथून थेट बाबांना फोन.

"तुम्ही मुलीबरोबर काच पाठवलीय?"

"छे हो मॅडम. ते... तिचं सामान आहे."

"कसलं सामान?"

आजूबाजूचे कामगार कान टवकारून उभे. "आपलं नेहमीचंच," बाबा पुटपुटले.

"मग स्वतः येऊन उघडा!"

कारखाना शाळेच्या मागच्याच गल्लीत. बाबा पट्टी कापायचं पातं घेऊन धापा टाकत फाटकाशी पोचले, तर रखवालदाराने वाट अडवली.

"पातं घेऊन शाळेत? डोकं ठिकाणावर आहे का?"

"पार्सल उघडायचंय हो."

"काय आहे पार्सलात?"

"सामान."

"कसलं?"

फाटकाला लागूनच बाथरूमची उंच खिडकी होती. तिच्यातून रडवेला, संतापलेला आवाज आला, "बाबा, शर्यत सुरू होतेय! सांगून टाका ना एकदाचं!"

बाबांचा बांध फुटला. "पॅड! माझ्या मुलीला पाळी आलीय आणि तिला पॅड हवाय! झालं समाधान?"

सगळ्या मैदानाने वळून पाहिलं. मग मुलींच्या रांगेत एका दप्तराची चेन उघडली. मग दुसऱ्या, मग चार-पाच. मुली बाथरूमकडे धावल्या. इतका वेळ गाठोडं घेऊन शाळाभर हिंडणारी मैत्रीण आ वासून बघतच राहिली.

मुलगी पळाली. नंबर आला तिसरा, त्यामुळे तिचा पारा अजून चढलेलाच होता. ती तरातरा फाटकाशी आली.

"एवढ्या मोठ्याने बोलता येतं, तर घरात खिडकी कशाला लावता?"

बाबांनी पातं खिशात घातलं. ते म्हणाले, "चुकलं माझं."

पुढच्या महिन्यात बाबांनी न सांगताच पॅड दप्तरात ठेवले. ना कागद, ना प्लास्टिक, ना पट्टी. मुलीने खूश होऊन एक बाहेर काढला. त्याच्या वेष्टनावर कारखान्याचं लेबल होतं, लाल बाणासकट: 'ही बाजू वर.'

तिने कपाळावर हात मारला. बाजू मात्र बरोबर होती.