सुभेदाराचे दोन घास

"बाबा, सुभेदारला कुठल्याही डॉग हॉस्टेलात टाकायचं नाही," भोपाळला ट्रेनिंगला गेलेल्या सुनेनं, गरिमानं, फोनवर बजावलं. "एकाच भांड्यात दहा कुत्रे पाणी पितात. एकाला खोकला झाला की सगळ्यांना. मी येईन तेव्हा तो मला जसाच्या तसा पाहिजे. नाही तर..."

त्या 'नाही तर'नं जगदेवराव तिथंच गारठले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत असे छाती काढून उभे राहत की तोफेचे गोळे वळसा घालून जात, असं ग्वाल्हेरच्या माधवगंजात अजून सांगतात. जगदेवराव मात्र सुनेचा फोन आला की चपला काढून उभे राहत.

पण झाशीला साडूच्या मुलीचं लग्न होतं. एका रात्रीचा प्रश्न. गरिमा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची होती.

"तुम्ही बेकार परेशान होता," त्यांच्या पत्नी शालिनीताई म्हणाल्या. "ती यायच्या आत घेऊन येऊ."

किला गेटजवळच्या विक्रमसिंहाच्या हॉस्टेलात शिरताना आधी बूट फिनाइलच्या पाण्यात बुडवावे लागत. जगदेवरावांनी फरशीवरून बोट फिरवलं, नालीशी वाकून वास घेतला आणि घरची मोरी आठवून जरा ओशाळले. प्रत्येक कुत्र्याला वेगळी खोली, वेगळं भांडं. लशीचं कार्ड पाहिल्याशिवाय तर विक्रमसिंह कुत्र्याला उंबराही ओलांडू देत नव्हता.

निघताना जगदेवराव वळले. चार पिढ्या ग्वाल्हेरीत काढल्यामुळे त्यांची हिंदी कुठं संपते आणि मराठी कुठं सुरू होते, ते त्यांनाही कळत नसे.

"और सुनो, इसको पहले दो घास हाथ से खिलाना. उसके बगैर ये जेवत नाही."

"घास?" विक्रमसिंहानं विचारलं.

"हां, घास. छोटे-छोटे. प्यार से, सीधे मुंह में."

"ठीक है साहब. अच्छे से धोकर देंगे."

हात धुऊन भरवणारा माणूस भेटला म्हणून जगदेवरावांचा ऊर भरून आला.

"तुमच्यावर गेलाय तो," शालिनीताई म्हणाल्या. "दोडका दिसला की तुम्हालाही भरवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी झाशीत लग्न लागलं. जगदेवरावांनी काला खट्टा या जांभळाच्या सरबताचे तीन पेले रिचवले आणि पंगतीत बसणार, तोच फोनवर विक्रमसिंहाचा व्हिडिओ आला. सुभेदार मान खाली घालून ओकत होता. फेस हिरवा, थोबाड जांभळं. खाली लिहिलं होतं: 'खा रहा है, पर मन से नहीं।'

भाताला हातही न लावता जगदेवराव शालिनीताईंना ओढत गाडीत घेऊन आले. वाटेत त्यांनी चुलतभावाला, नानांना, फोन लावला. नाना गुरांच्या दवाखान्यासमोर राहत, त्यामुळे त्यांचा सल्ला सगळे घेत.

"थोबाड जांभळं?" नाना म्हणाले. "हे भारी दिसतंय. तुला चाटलं का रे त्यानं?"

"काल निघताना चाटलं. तोंडभर."

"मग तू आधी स्वतःचं तोंड बघ."

जगदेवरावांनी गाडीच्या आरशात पाहिलं. ओठ जांभळे होते. जीभ तर जवळजवळ काळी. शालिनीताई सरकत सरकत पार दाराला चिकटल्या.

"गरिमाला सांग," जगदेवराव त्यांना क्षीण आवाजात म्हणाले, "की सुभेदार आणि मी एकदमच गेलो. म्हणजे ती मला काही म्हणणार नाही."

हॉस्टेलात ते रुमालानं तोंड दाबून शिरले. "कौनसी बीमारी लगा दी मेरे कुत्ते को? इतना गंदा रखते हो?"

विक्रमसिंहाचा चेहरा पडला. "गंदा? साहब, आपके कुत्ते के लिए तो घास भी परमैंगनेट वाली लाल दवा में धोई. रंग थोड़ा चढ़ गया."

"घास?"

"आपने ही कहा था. दो घास, हाथ से, सीधे मुंह में." त्यानं टोपलीतली दूर्वांसारखी निवडलेली, जांभळट ओल्या गवताची जुडी पुढं केली. तेवढ्यात जगदेवरावांचा रुमाल सरकला. विक्रमसिंह त्यांच्या ओठांकडे पाहत राहिला आणि मग अदबीनं म्हणाला, "आप भी यही लेते हैं, साहब?"

शालिनीताई पंगतीतून उपाशी उठलेल्या. त्या बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आतले सगळे कुत्रे भुंकायला लागले.

संध्याकाळी गरिमा आली तेव्हा सुभेदार न्हाऊन पुसून बसला होता. तिनं त्याचे कान, दात, पंजे सगळं तपासलं. शेजारी जगदेवराव चपला काढून उभे होते. मग तिनं नेहमीसारखा भाताचा गोळा उचलला.

"ये राजा, एक घास..."

शब्द ऐकताच सुभेदार दचकला, धावत भांड्याशी गेला आणि सगळा भात एका दमात चाटून मोकळा झाला.

"बाबा," गरिमा थक्क झाली, "हे मला तीन वर्षांत नाही जमलं. काय केलंत तुम्ही?"

"प्यार से," जगदेवराव इतकंच म्हणाले आणि ताटातला दोडका हळूच बाजूला सारू लागले.

"असं काय करता?" शालिनीताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "दोन घास तरी खा. का मी भरवू?"

जगदेवरावांनी मान खाली घातली आणि सगळा दोडका संपवला.